भोईरबाईंचं वाळवण

भोईरबाईंची आणि माझी ओळख झाली ती मी त्यांची लेन्स खाल्ल्यामुळे.

हे मी आजवर अनेकांना सांगितलं आहे आणि प्रत्येकाने मला वेड्यात काढलं आहे. पण घडलं ते असंच. ठाणे पूर्वेला, कोपरीत, औषधांचं दुकान टाकलं तेव्हा मी त्या भागात अगदी नवखा होतो. राहायला डोंबिवलीला, ओळखीचं चिटपाखरू नाही. शेजारचा गाळा चष्म्यांचा होता. म्हटलं, शेजारधर्म आहे, जाऊन नमस्कार करून यावं. गेलो तर काउंटर रिकामा. आतल्या खोलीतून 'वर बघा... आता खाली बघा' असा एका बाईंचा आवाज येत होता. खिडकीच्या कट्ट्यावर एक स्टीलची ताटली होती आणि तिच्यावर मलमलचं फडकं. थंडीचे दिवस होते. फडक्याचा कोपरा उचलून पाहिलं तर खाली डिंक! पातळ, पारदर्शक, कडा वळलेले छोटे छोटे तुकडे. आमची आई लाडवांचा डिंक तळण्याआधी अस्साच उन्हाला ठेवायची. वाळवणाच्या बाबतीत माझा हात लहानपणापासून चोरटा. एक तुकडा उचलला आणि तोंडात टाकला.

दाताखाली कट्‌कन आवाज झाला. चव काहीच नाही. मग हळूहळू तो तुकडा जिभेवर फुगायला लागला, मऊ झाला, बुळबुळीत झाला. तेवढ्यात आतून बाई बाहेर आल्या. पन्नाशीच्या आसपासच्या, सावळ्या, ठेंगण्या, कपाळाला ठसठशीत कुंकू आणि अंगात पांढरा कोट. त्यांनी फडक्याकडे पाहिलं, मग माझ्या हलणाऱ्या गालाकडे.

"काय खाल्लंत?"

"डिंक," मी म्हटलं. "थोडा जुना वाटतो."

"डिंक नाही तो. कॉन्टॅक्ट लेन्स आहे."

मी थुंकायला दाराकडे धावलो तर यांनी मला चक्क बाहीला धरून थांबवलं. "अहो, थांबा, थांबा! आधी सांगा, किती वेळात मऊ पडली?"

माझ्या तोंडातून निघालेली ती वस्तू त्यांनी चिमट्याने उचलली, उजेडाकडे धरली आणि हळहळल्या. "कड तुटली. तुमच्या दाताने तुटली की वाळताना, ते आता कळायचं नाही. नमुना वाया घालवलात." मग माझा चेहरा बघून त्यांना हसू फुटलं. "बसा. चहा सांगते. सोबत बिस्किटं आहेत, ती खरी आहेत."

एवढं झाल्यावर मैत्री होणार नाही तर काय होणार?

त्यांचं पूर्ण नाव कुंदा हिराजी भोईर. कोपरीतलं जुनं आगरी घर. आजोबा आणि वडील खाडीकाठच्या मिठागरात राबले. मग मिठागरं गेली, शेतं गेली, तिथे इमारती उभ्या राहिल्या आणि भोईरांच्या वाट्याला काही गाळे आणि खोल्या आल्या. धाकटा भाऊ म्हणायचा, ताई, घरी बस, भाडं येतंय, कशाला लोकांच्या डोळ्यांत बोटं घालतेस? पण बाईंनी ऑप्टोमेट्रीचं रीतसर शिक्षण घेतलं होतं आणि राहत्या इमारतीच्या तळमजल्यावरचा एक गाळा भावाकडून भांडून घेतला होता. लग्न केलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. कुणी 'डॉक्टर' म्हटलं तर लगेच दुरुस्त करायच्या, "डॉक्टर नाही. मी कापत नाही, शिवत नाही. आहे तो डोळा दिसता ठेवते." आणि आपल्या कामाबद्दल त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "आमच्या घरातल्या दोन पिढ्या पाणी सुकवण्यात गेल्या. मी सुकलेलं ओलं करते."

आता ते वाळवण. त्यांच्याकडे कल्याण, डोंबिवली, पार विठ्ठलवाडीहून पोरं यायची आणि खिशातून कागदाची पुडी काढायची. पुडीत वाळून कोळ झालेली लेन्स. कुणाची बेसिनमागे पडलेली, कुणाची डबीतलं पाणी संपल्यामुळे सुकलेली. प्रश्न एकच, "मॅडम, परत चालेल ना?" पुस्तकात उत्तर एका शब्दात आहे, फेका. "पण नुसतं फेका म्हटलं की लोक फेकत नाहीत हो भाऊ," बाई मला म्हणायच्या. "माझ्यासमोर हो म्हणतात आणि घरी जाऊन भिजवून घालतात. का फेकायची ते दाखवलं की फेकतात." म्हणून त्या तारीख उलटलेल्या, निकामी झालेल्या लेन्स ताटलीत वाळवायच्या, पुन्हा सलाइनमध्ये भिजवायच्या आणि पोरांना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायच्या. सलाइन माझ्या दुकानातून जायचं.

हळूहळू मलाही त्यातलं कळायला लागलं. जुन्या पद्धतीची मऊ लेन्स वाळली की काचेसारखी होते, आणि पाण्यात टाकली की शहाण्या मुलासारखी मूळ आकारात येते. बघणारा फसतो. भिंगाखाली धरली की कडेला बारीक चिरा दिसतात, आणि त्या चिरा बुबुळावर घासणार असतात. नवी सिलिकॉनची लेन्स तितकी कडक होत नाही, पण एकदा सुकली की तिच्यावर पाणी धरत नाही. अळूच्या पानावर उभे राहतात तसे थेंब उभे राहतात. तिसरी जात कडक, जिला सगळे सेमी-सॉफ्ट म्हणतात. "ही आमच्या बाबांसारखी," बाई म्हणायच्या. "सुकली तरी वाकायची नाही. फक्त रुसते, पाणी अंगाला लागू देत नाही. बसून समजूत काढावी लागते." आणि तिन्ही जाती दाखवून झाल्या की शेवटी, "ओलं असताना सगळेच गुणी, भाऊ. सुकल्यावर कोण कसं वागतं ते बघायचं." हे त्या लेन्सबद्दल बोलायच्या की आमच्या गल्लीतल्या लोकांबद्दल, ते त्यांच्या तोंडाकडे बघून ठरवावं लागायचं.

एकदा डोंबिवलीहून एक इंजिनीअरिंगची मुलगी आणि तिची आई आल्या. मी नेमका चहाला तिथेच होतो. मुलीची लेन्स रात्रभर टेबलावर राहून वाळली होती आणि मुलगी रडकुंडीला आलेली पाहून आईने ती गुलाबपाण्यात भिजवली होती. "शुद्ध गुलाबपाणी हो, मॅडम," आई म्हणाली. "आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांत तेच घालतात. आणि वाटीसुद्धा देवातली, चांदीची."

"ताई," बाई म्हणाल्या, "वाटी चांदीची, पाणी गुलाबाचं, मन आईचं. सगळं चांगलंय. फक्त डोळ्यात घालायला यातलं काही चालत नाही."

"पण मॅम, शेप एकदम परफेक्ट आलाय!" मुलगी म्हणाली. "मी बघितलं ना!"

"परत आली म्हणजे बरी झाली असं नसतं गं." आणि बाईंनी काउंटरवरची कात्री घेऊन त्या मुलीच्या देखत लेन्सचे दोन तुकडे केले. मुलीच्या तोंडून 'अरे यार' निघालं आणि आईचा चेहरा पडला. मग बाईंनी आईला जवळ बसवून चांगला अर्धा तास दिला, मुलीला तात्पुरती जोडी दिली आणि जाताना आईच्याच हातावर पेढा ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहतो तो खिडकीत एक वाटी वाढलेली. "गुलाबपाण्यातही येते परत," मला म्हणाल्या. "वास छान येतो. बाकी खोटं."

कंपन्यांचे प्रतिनिधी त्यांना टरकून असायचे. 'मॅडम, हे मटेरियल ड्राय होतच नाही' असं एखादा टाय लावलेला मुलगा म्हणाला की बाई त्याच्याकडून एक नमुना घेऊन ताटलीत ठेवायच्या आणि म्हणायच्या, "मला नको सांगू. माझ्या खिडकीला सांग. पुढच्या सोमवारी ये." बरेचसे यायचे नाहीत.

तर असं चाललं होतं. मी याला बाईंचा छंद समजायचो आणि येताजाता चिडवायचो, "काय भोईरबाई, आज काय, कुरडया का?" मग हिराजीबुवांचं दुखणं निघालं आणि माझी चेष्टा आपोआप बंद झाली.

हिराजीबुवा म्हणजे त्यांचे वडील. ऐंशीच्या पुढचे, काटक, भजनात पहिला आवाज त्यांचा. त्यांचा डावा डोळा फार वर्षांपूर्वी काचबिंदूने गेलेला होता. सगळा कारभार उजव्यावर. त्या उजव्या बाजूलाच, कानामागे आत, एक गाठ निघाली. ती काढली, बुवा वाचले, पण चेहऱ्याची ती बाजू लुळी पडली. ओठ ओघळला, बोलणं बोजड झालं आणि उजव्या डोळ्याची पापणी मिटेनाशी झाली. शिवाय त्या डोळ्याची जाणीवही गेली. सुकला तरी दुखायचा नाही. "दुखत नाही हेच वाईट," बाई म्हणाल्या. "दुखलं असतं तर बाबांनी कल्ला तरी केला असता." उघड्या पडलेल्या बुबुळावर पांढुरकी झाक दिसायला लागली होती. डॉक्टरांनी सांगितलं, पापण्या शिवून टाकू, म्हणजे डोळा झाकला जाईल आणि टिकेल.

यात डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं. असल्या डोळ्याला तोच उपाय करतात. पण बुवांना दिसणारा डोळा हा एकच. तो शिवून वाचवायचा म्हणजे माणसाला आंधळं करून डोळा राखायचा. बुवांनी तर डॉक्टरांना तोंडावर सांगितलं, "माजा डोला हाय, गोधडी नाय शिवाला." बाईंनी डॉक्टरांकडून एक महिना मागून घेतला. तेवढ्यात पांढरं वाढलं नाही तर थांबू, वाढलं तर शिवू, असं ठरलं.

त्या महिन्यात खिडकीतलं वाळवण पार बदललं. बाईंनी काचेच्या मोठ्या गोट्या आणल्या, एकेका गोटीवर एकेका जातीची लेन्स बसवली आणि समोर छोटा पंखा लावला. "गोटीला पापणी नसते," मला म्हणाल्या. "बाबांसारखी." ठरावीक वेळाने प्रत्येकीवर सलाइनचा एक थेंब. कोणती कधी सुकते, कोणती थेंब पडल्यावर सावरते, कोणती सावरल्यासारखं दाखवते, हे बघत बसायच्या. पेशंट तपासता तपासता उठून गोट्यांकडे जायच्या. एकदा मी म्हटलं, "बाई, जेवलात का?" तर म्हणाल्या, "ही तिसरी बघा, कड उचलायला लागली." आणि थेंब टाकला तो चौथीवर. इतकी वर्षं मी त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

पाणीदार मऊ लेन्स गोटीवर दुपारपर्यंतसुद्धा टिकली नाही. बुवांच्या डोळ्यात घातली तर तीच गत. संध्याकाळी ती त्यांच्या खांद्यावरच्या पंच्यावर माशाच्या खवल्यासारखी वाळून पडलेली सापडली. सिलिकॉनची टिकली, पण वरून पाणी धरेना, आणि बुवा म्हणायचे, "धुका आयलाय गो कुंदा, सगला धुका." शेवटी बाईंनी एक मोठी कडक लेन्स मागवली. ती बुबुळाला टेकतच नाही. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर बसते आणि तिच्या पोटात सलाइन भरलेलं असतं. मापं घेऊन, खास करवून आणायला लागली.

"बाबा, इतके दिवस मी वरून पाणी शिंपडत होते," बाईंनी वडिलांना समजावलं. "आता बांध घालून पाणी आत साठवणार."

"मंग पयल्यांदाच का नाय घातलास?" बुवा म्हणाले. जन्म मिठागरात गेलेल्या माणसाला मुलीने एवढे दिवस वाया का घालवले ते कळेना.

पण ती लेन्स घालायची तर माणसाला चेहरा जमिनीला समांतर होईपर्यंत मान खाली वाकवावी लागते, नाहीतर पाणी सांडतं आणि आत बुडबुडा राहतो. बुवा हटून बसले. "मी कोनाचे पुढं मान नाय वाकवली. पोरीचे पुढं वाकवू?" बाईंनी खुर्ची उचलली आणि देव्हाऱ्यासमोर नेऊन ठेवली. "देवापुढे वाकवा. मी नुसता मधे हात घालते." बुवांनी क्षणभर विचार केला, 'आय एकवीरा' म्हटलं आणि मान खाली घातली. त्या पहिल्या दिवशी मी तिथेच होतो, सलाइनच्या कुप्या घेऊन गेलो होतो. लेन्स बसली. बुवांनी मान वर केली, इकडेतिकडे पाहिलं, आणि मग मुलीकडे बराच वेळ बघत राहिले.

"कवरी सुकलीस गो तू," म्हणाले.

बाई हात धुवायला म्हणून आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

महिना संपला तेव्हा डॉक्टरांनी डोळा पाहिला. पांढरं वाढलं नव्हतं. मग रोजचा परिपाठ सुरू झाला. सकाळी देव्हाऱ्यासमोर लेन्स घालायची, संध्याकाळी काढून धुऊन डबीत ठेवायची, रात्री डोळ्यावर मलम आणि वरून स्वयंपाकघरातला पारदर्शक प्लास्टिक कागद चिकटवायचा, म्हणजे ओल आतच राहते. बुवा पुन्हा भजनाला बसू लागले. शब्द धड उमटत नव्हते, पण टाळ बरोबर पडायचा.

आणि मग आली खंडेनवमी.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. बाई दरवर्षी दुकानातली यंत्रं, चिमटे, भिंगं पुसून त्यांना हळदकुंकू वाहायच्या. घरी बुवांचं मीठ ओढायचं जुनं लाकडी फावडं होतं, त्याची पूजा बुवा करायचे. त्या दिवशी दुकानातली पूजा करायची म्हणून बाईंनी वडिलांची लेन्स थोडी लवकर काढली, डबीत ठेवली आणि त्या खाली आल्या. दसऱ्याच्या सकाळी मी स्टेशनबाहेरच्या गर्दीतून वाट काढत, झेंडूची फुलं घेऊन दुकान उघडतो न उघडतो तोच त्यांचा भाचा बोलवायला आला. वर गेलो. बाई देव्हाऱ्यासमोर खाली बसलेल्या. फावड्याशेजारी विड्याचं पान होतं, आणि पानावर ती लेन्स. नळाखाली स्वच्छ धुतलेली, हळदकुंकवाने भरलेली, वर अक्षता, आणि रात्रभरात ठणठणीत वाळलेली.

"हत्यार हाय ना ता माजा?" बुवा खुर्चीतून विचारत होते. त्यांना आवाजांवरून काहीतरी बिनसल्याचं कळलं होतं. "फावड्याची पूजा करतंव, मंग ज्याचेन दिसतंय त्याची नको?"

ज्या माणसाने आयुष्यभर हत्याराला हात जोडले, त्याने या हत्यारालाही जोडले. दुसरी लेन्स बनून यायला काही आठवडे लागणार होते. तोवर तो डोळा नुसत्या मलमावर निभणं कठीण होतं. आणि ही लेन्स घालावी तर त्या डोळ्याला जाणीव नाही. नळाच्या पाण्यातून काही जंतू आत गेला तर बुवांना कळणारही नाही, आणि कळेल तोवर डोळा हातचा गेलेला असेल. बाईंनी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, ही जोखीम नको वाटत असेल तर दुसरी येईपर्यंत तात्पुरतं शिवून टाकू.

बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भाऊ, हीच लेन्स दुसऱ्या कुणाच्या बापाची असती, तर मी काय सांगितलं असतं?"

मला गुलाबपाण्यातली ती लेन्स आणि कात्री आठवत होती. त्यांनाही तेच आठवत असणार.

"मऊ असती तर आत्ताच कापली असती," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "ही कडक आहे. हिच्यात पाणी शिरत नाही. जे काय आहे ते वर आहे. पण हे मी आज बाबांसाठी म्हणते, की खरंच आहे म्हणून म्हणते, ते कळेना झालंय."

मग त्यांनी जे केलं ते फक्त भोईरबाईच करू जाणे. दुकानात त्याच जातीची, त्याच मटेरियलची, नमुन्याला आलेली एक लेन्स होती, पण तिचं माप बुवांचं नव्हतं. तिला त्यांनी नळाखाली धुतलं, तशीच हळद लावली, कुंकू लावलं, अक्षतासुद्धा ठेवल्या, आणि रात्रभर वाळवली. त्यांचा भाऊ म्हणाला, ताईचं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवसापासून दोन्ही लेन्स शेजारी शेजारी. आधी हळद काढली, मग घासून स्वच्छ केल्या, जंतू मारायच्या द्रावणात ठेवल्या, मग त्यांच्या भाषेत समजूत काढायला भिजत घातल्या. रोज एकदा बाहेर काढून वरून सलाइनचा थेंब सोडायचा. पहिल्या दिवशी थेंब गोळा होऊन घरंगळला. दुसऱ्या दिवशीही रुसवा गेला नाही. बुवा प्लास्टिकचा कागद डोळ्याला लावून अंधारात बसून होते आणि दर तासाला विचारत होते, "आयली का गो वलावर?" मग एका सकाळी थेंब सोडला आणि तो गोळा झाला नाही, सगळ्या लेन्सवर पातळ पसरला. मी टाळी वाजवली तर बाईंनी मला गप्प केलं.

त्यांनी ती नमुन्याची लेन्स, वडिलांची नव्हे, स्वतःच्या डोळ्यात घातली. माप त्यांचं नव्हतं, डोळा लालभडक झाला, तरी दिवसभर काढली नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जाऊन तो डोळा तपासून घेतला, दोन्ही लेन्स त्यांना दाखवल्या, आणि डॉक्टर हो म्हणाल्यावरच वडिलांना देव्हाऱ्यासमोर बसवलं. लेन्सच्या कडेला हळदीची किंचित पिवळी छटा राहिली होती. पुढचे कितीतरी दिवस त्या रोज सूक्ष्मदर्शकाने त्या डोळ्यात डोकावायच्या. काही झालं नाही. डोळा स्वच्छ राहिला. नवीन लेन्स आल्यावर ही जुनी त्यांनी लगेच बाद केली. वडिलांना त्या एका शब्दानेही रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वर्षी डबीची पूजा करा, बाबा. डबी बंद ठेवून."

या सगळ्या प्रकारानंतर त्यांनी मला लेन्स घालायला शिकवलं. "मी आजारी पडले तर? वहिनीचे हात कापतात, आमचा धाकटा तर बघूनच पळतो. तुम्ही औषधवाले, शिका." आधी गोटीवर, मग बुवांवर. मी पहिल्यांदा घातली तेव्हा निम्मं सलाइन बुवांच्या सदऱ्यावर सांडलं. "याचे हातान बांध टिकाचा नाय," बुवा म्हणाले. बाईंनी मला पुन्हा पुन्हा करायला लावलं. त्यांच्या दोन दिवसांच्या तापात एकदा मी ते काम केलंही.

मला भोईरबाई फार आवडायच्या. हे त्यांना कधी सांगितलं नाही, कारण आमच्यात बोलणं व्हायचं ते सलाइनचं, गोट्यांचं आणि चहाचं. शेजारी अशी बाई आहे, या भरवशावर मी सकाळी शटर वर करत होतो.

त्या गेल्या झोपेतच. आदल्या संध्याकाळी दुकान बंद करताना मला म्हणाल्या होत्या की खांदा जरा भरून आलाय. सकाळी त्यांच्या वहिनीचा फोन आला आणि मी डोंबिवलीहून निघालो.

घर माणसांनी भरलेलं होतं. बाईंना बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं. बायका रडत होत्या, पुरुष खाली सामानाची जुळवाजुळव करत होते. आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत हिराजीबुवा, रात्रीचं मलम तसंच, डोळ्यावर प्लास्टिकचा कागद तसाच. तो रोज सकाळी काढणारी गेली होती, आणि इतरांना त्या गडबडीत आठवलं नव्हतं. समोरून कुणी गेलं की ते विचारत होते, "कोन हाय?" लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला धक्का बसलाय. मी जवळ जाऊन त्यांचा हात धरला. त्यांनी आवाजावरून ओळखलं.

"भाऊ, ती लेन्स घाल. मना पोरीला बगायचा हाय."

मी हात धुतले. तीन-तीनदा धुतले. मलम पुसलं, डबी शोधली, सलाइनची कुपी फोडली. सुतक लागलेलं, देव्हारा झाकलेला. खुर्ची कुठे ठेवू म्हणून मी घुटमळलो. बुवांनी हात पुढे करून चाचपलं, मुलीच्या खांद्याला त्यांचा हात लागला, आणि ते म्हणाले, "हितंच." मी खुर्ची तिच्या उशाशी नेली. त्यांनी तिच्यापुढे मान वाकवली. पहिल्या खेपेला माझा हात हलला आणि पाणी सांडलं. दुसऱ्या खेपेला बसली.

त्यांनी मान वर केली आणि मुलीकडे बघायला लागले. कुणीतरी घाईत लावलेलं तिच्या कपाळावरचं कुंकू एका बाजूला गेलं होतं. बुवांनी अंगठ्याने ते पुसून पुन्हा मधोमध लावलं. मग गालावरून हात फिरवला. दुसऱ्या, न दिसणाऱ्या डोळ्यातून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

खालून हाका आल्या. मला वाटलं, बुवांना धरून तसंच खाली न्यावं. तर ते म्हणाले, "थांब. आता काढ ही."

"असू द्या ना बाबा," मी म्हटलं. "तिथपर्यंत तरी असू द्या."

"नाय. धुरान ही घालाची नाय, कुंदा बोललेली हाय मना." त्यांनी पुन्हा मान खाली घातली. "तिचा ऐकाला पायजे."

मी लेन्स काढली, बाईंनी शिकवली होती तशी धुतली, डबीत ताजं द्रावण भरून तिच्यात ठेवली आणि झाकण घट्ट लावलं. मग डबी खिशात टाकली, हिराजीबुवांचा हात खांद्यावर घेतला आणि आम्ही जिना उतरायला लागलो.